संसार आरोपीच्या पिंजऱ्यात

नवराबायकोचं भांडण कसं करावं, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. दुधाच्या हिशेबावरून ते सुरू होतं आणि बघता बघता 'तुमच्या आईनं लग्नात काय म्हटलं होतं' इथवर जाऊन पोचतं. नको ते शब्द निघतात. एखादं भांडं जरा जोरात आपटलं जातं. आणि संध्याकाळी त्याच दोघांत 'आमटीत मीठ कमी आहे का हो?' एवढं बोलणं होऊन तो विषय मिटतोही. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते उगाच नाही.

पण समजा, अशा एका भांडणाचा शब्द न् शब्द कुणी नकळत टिपून ठेवला, आणि दुसऱ्याच दिवशी त्या दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तर? ते भांडण चारचौघांत, भर कोर्टात वाजवलं गेलं, तर? ऐकणारे काय म्हणतील?

हाच प्रश्न घेऊन फ्रान्समधल्या ज्युस्तीन त्रिये या दिग्दर्शिकेनं एक चित्रपट काढला. त्याचं इंग्रजी नाव 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल'. मराठीत सांगायचं तर 'एका पडण्याची चिरफाड'. २०२३ च्या मे महिन्यात कान इथल्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक, म्हणजे 'पाम द'ऑर' मिळालं. इतक्या जुन्या महोत्सवात हा मान मिळवणारी ती केवळ तिसरी स्त्री. पहिली १९९३ सालची जेन कॅम्पियन, दुसरी २०२१ सालची ज्युलिया द्युकुर्नो. पुढे २०२४ च्या जानेवारीत दोन गोल्डन ग्लोब, फेब्रुवारीत फ्रान्सचेच सहा सेझार, आणि मार्चमध्ये मूळ पटकथेचं ऑस्कर. ही पटकथा त्रियेबाईंनी आपले जोडीदार आर्तूर आरारी यांच्याबरोबर लिहिली आहे. नवराबायकोच्या बेबनावाची गोष्ट एका जोडप्यानंच एकत्र बसून लिहावी, ही गंमतच नाही का?

आता एवढी बक्षिसं मिळाली म्हणजे चित्रपट चांगलाच असणार, असं आपण धरून चालतो. पण बक्षिसाची साडी प्रत्येकीला शोभतेच असं नाही. पाहून उठलेल्या पुष्कळ बायकांच्या तोंडून "एवढं काय होतं त्यात?" असं निघतं. "अडीच तास बसलो आणि शेवटी खून झाला की नाही तेच कळलं नाही," अशी तक्रारही येते. तेव्हा या कौतुकात दम किती आणि गाजावाजा किती, हे जरा निवडून पाहू या. तांदूळ निवडतो तसं, खडे बाजूला काढून.

गोष्ट काय आहे?

आल्प्सच्या डोंगरात, ग्रनोब्ल शहराच्या बाजूला, बर्फात उभं असलेलं एक एकटं लाकडी घर. त्या घरात तिघं राहतात. सांड्रा ही मूळची जर्मन, नाव कमावलेली लेखिका. साम्युएल हा तिचा फ्रेंच नवरा. तो शिक्षक आहे, लेखक व्हायचं त्याचं राहून गेलं आहे, आणि हे घर दुरुस्त करून पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा त्याचा बेत आहे. तिसरा त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा दानिएल. चार वर्षांचा असताना एका अपघातात त्याच्या डोळ्यांच्या शिरेला इजा झाली, आणि तेव्हापासून त्याला जेमतेम दिसतं. त्याच्याजवळ सदैव असतो तो त्याचा कुत्रा, स्नूप.

एके दिवशी मुलगा कुत्र्याला घेऊन फिरायला जातो. परत येतो तो घरासमोर बर्फात बाप मरून पडलेला. डोक्याला जखम, बाजूला रक्त. घरात त्या वेळी फक्त आई. आई म्हणते, मी कानात बोळे घालून झोपले होते.

तो वरच्या मजल्यावरून पडला? त्यानं उडी मारली? की तिनं ढकललं? पोलिसांना संशय येतो, खटला उभा राहतो, आणि साधारण वर्षभरानं सांड्रा आरोपी म्हणून कोर्टात उभी राहते. तिचा बचाव करायला येतो तिचा एक जुना मित्र, वकील व्हँसाँ.

निकाल काय लागतो ते इथं सांगत नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यावर अन्याय नको. पण एवढं आधीच सांगून ठेवते, की निकाल लागला तरी त्या दुपारी खरं काय घडलं हे चित्रपट सांगत नाही. तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करील, या आशेनं बसू नका.

रहस्यपट म्हणून गुण किती?

निव्वळ रहस्यपट म्हणून पाहिलं तर, खरं सांगायचं म्हणजे, पहिल्या वर्गात पास करण्याजोगा हा चित्रपट नाही. पुरावा असा फारसा नाहीच. घराबाहेरच्या एका पडवीच्या भिंतीवर रक्ताचे तीन ओघळ आहेत. सरकारी बाजूची तज्ज्ञ मंडळी म्हणतात, वर माडीवरच डोक्यात काहीतरी घातलं, म्हणून ते उडाले. बचावाची तज्ज्ञ बाई म्हणते, खाली पडताना डोकं पडवीच्या छपरावर आपटलं, म्हणून ते उडाले. दोघंही तितक्याच ठामपणे बोलतात. हत्यार सापडत नाही, पाहणारा कुणी नाही.

मग सरकारी वकील काय करतो? तिच्या कादंबरीतला उतारा वाचून दाखवतो! कादंबरीतली एक बाई नवऱ्याच्या मरणाचा विचार करते, म्हणजे लेखिकेच्या मनातही तेच, असा त्याचा सूर. हाच न्याय लावला, तर हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या आमच्या बाबूराव अर्नाळकरांना किती वेळा फाशी द्यावी लागली असती! हा वकील फार नाटकी वाटतो. कुठलाही न्यायाधीश त्याला इतकं मोकाट बोलू देईल का, अशी शंका येत राहते. मधली काही कामकाजाची दृश्यं लांबलेली आहेत, आणि सगळा चित्रपट बोलण्यावर चालतो. फ्रेंच आणि इंग्रजी मिसळलेलं बोलणं, खाली पळणाऱ्या ओळी, आणि आपला एक कान स्वैपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीकडे. असं केलंत तर हाती काहीच लागायचं नाही.

आणखी एक उणीव सांगते. सांड्राजवळ शिक्षण आहे, नाव आहे, ओळखीचा हुशार वकील आहे. ज्या बाईजवळ यातलं काहीच नाही, तिच्यावर असा प्रसंग आला तर काय, हे चित्रपट विचारत नाही.

इतके खडे निघाले, तरी परातीत तांदूळ उरतोच. तो कोणता, ते आता पाहू.

ते भांडण

चित्रपटाच्या मध्यावर कोर्टात एक ध्वनिमुद्रण वाजवलं जातं. साम्युएलला आपल्या आयुष्यातले प्रसंग टिपून ठेवायची सवय लागली होती, त्यातून पुढे काही लिहावं म्हणून. मरणाच्या आदल्या दिवशीचं भांडण त्यानं असंच, बायकोच्या नकळत, टिपून ठेवलेलं असतं. ते सुरू होतं आणि आपण कोर्टातून उठून थेट त्यांच्या स्वैपाकघरात जातो.

मैत्रिणींनो, हा प्रसंग पाहण्यासारखा आहे. आवाज सुरुवातीला चढलेले नाहीत. नवरा म्हणतो, मला लिहायला वेळ मिळत नाही. मुलाचा अभ्यास मी घेतो, शिकवायला मी जातो, घराची डागडुजी मी करतो. सगळं घर तुझ्या वेळापत्रकावर चालतं. तू लिहितेस, मी घर सांभाळतो. माझ्या एका अर्धवट कादंबरीतली कल्पनासुद्धा तू घेतलीस आणि आपलं पुस्तक पुरं केलंस.

ती म्हणते, मुलाला घरी शिकवायचं तूच ठरवलंस, मी सांगितलं नव्हतं. हे घर, हे गाव तुझं. इथं मी तुझ्यासाठी आले. ती कल्पना मी तुला विचारून घेतली होती, तू ती केव्हाच टाकून दिली होतीस. तुझं पुस्तक झालं नाही याचा दोष माझ्या माथी मारू नकोस. तू काय केलंस आणि मी काय केलं असा तराजू संसारात धरता येत नाही.

मग हळूहळू जखमेवरची खपली निघते. मुलाचा अपघात. त्या दिवशी त्याला शाळेतून आणायची पाळी बापाची होती, आणि तो स्वतः गेला नव्हता. तिचं बाहेरचं प्रकरण. एकेक करून सगळं निघतं. शेवटी हात उठतो, काच फुटते. पण नेमक्या त्याच क्षणी चित्र बंद होतं आणि आपण पुन्हा कोर्टात येतो. मारामारीचे नुसते आवाज ऐकू येतात. कुणी कुणाला मारलं? ती म्हणते, मी एक थप्पड मारली. बाकीचे आवाज तो स्वतःलाच मारून घेत होता त्याचे. खरं काय? आपल्यालाही न्यायाधीशांइतकंच कळतं, म्हणजे काहीच नाही.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हे टिपलं जातंय हे त्याला ठाऊक होतं, तिला नव्हतं. एक जण जगासाठी बोलत होता, दुसरी फक्त नवऱ्याशी बोलत होती. मग ते ध्वनिमुद्रण दोघांचं सारखंच खरं कसं म्हणायचं?

खुर्च्यांची अदलाबदल

आता खरी मेख सांगते. त्या भांडणातली नवऱ्याची वाक्यं पुन्हा एकदा मनात आणा. 'माझा वेळ कुठं गेला?' 'सगळं मी करतो, नाव तुझं होतं.' 'घर तुझ्या सोयीनं चालतं.' ही वाक्यं ओळखीची वाटली ना? अहो, ही तर आपली वाक्यं! कुणी गाणं सोडलं, कुणी बी. ए. चं शेवटचं वर्ष, कुणी शाळेतली नोकरी. मुलांचे डबे, सासूबाईंचं पथ्य आणि आलागेला यांत वर्षं कशी गेली ते कळलं नाही, असं म्हणणारी बाई प्रत्येक गल्लीत भेटते.

त्रियेबाईंनी काय केलं, तर खुर्च्या बदलल्या. बाईच्या जागी पुरुष बसवला, पुरुषाच्या जागी बाई. आणि मग आपल्याला विचारलं, आता बोला, तुमची माया कुणावर?

इथं आपली चांगलीच पंचाईत होते. साम्युएलची कटकट ऐकताना 'काय हा रडका पुरुष!' असं मनात येतं. पण याच तक्रारी एखाद्या बाईनं केल्या असत्या, तर आपण पदर खोचून तिच्या बाजूनं उभ्या राहिलो असतो. आणि सांड्राचं 'तूच ठरवलंस, मी सांगितलं नव्हतं' हे उत्तर? तेही आपण ऐकलेलं आहे, फक्त दुसऱ्या बाजूनं. 'तुला कुणी नोकरी सोडायला सांगितली होती?' हे वाक्य किती जणींच्या काळजात अजून रुतून बसलं असेल!

म्हणजे तिचं म्हणणं चूक आहे का? तसंही म्हणवत नाही. न झालेल्या कामाचं खापर जोडीदारावर फोडणं सोपं असतं, हेही खरंच. मग त्याचं चूक? तेही नाही. घराचं ओझं वाहणाऱ्याला थकवा येतो, मग तो बाप्या असो की बाई. चित्रपट कुणाचीच कड घेत नाही. दोघांचंही म्हणणं पुरतं ऐकवतो आणि आपल्याला आपलाच तराजू तपासायला लावतो.

बाई असो वा पुरुष, घरकामाच्या वाटणीवर इतकं प्रामाणिक बोलणं पडद्यावर फार क्वचित ऐकायला मिळतं. आपल्याकडच्या चित्रपटांत बाई एक तर सोसत असते नाहीतर सूड घेत असते. सांड्रा यातलं काहीच करत नाही. ती वाद घालते, चिडते, खोटंही बोलते. हातावरच्या वणाबद्दल तिनं पोलिसांना पहिल्यांदा खरं सांगितलेलं नसतं. आणि ती कोर्टात ढसाढसा रडत नाही, हेसुद्धा तिच्या विरुद्ध जातं.

कोर्टाला काय दिसतं?

फ्रान्समध्ये खुनाचा खटला चालतो तेव्हा तीन न्यायाधीशांबरोबर सहा सामान्य नागरिक बसतात आणि सगळे मिळून कौल देतात. कायदा त्यांना सांगतो, पुरावा ऐका आणि आपल्या अंतर्मनाची खात्री काय होते ते पाहा. आपल्याकडेही एके काळी ज्यूरी होती. १९५९ साली मुंबईच्या नानावटी खटल्यात ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं आरोपीला निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, उच्च न्यायालयानं आरोपीला दोषी ठरवलं, आणि पुढे ती पद्धतच आपल्याकडून गेली. तिथं ती अजून आहे.

आता या माणसांच्या हाती काय येतं? एका भांडणाचा आवाज. साम्युएलवर उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष, ती एका बाजूचंच ऐकून झालेली. कादंबरीतली पानं. शेजारपाजारचं मत. या तुकड्यांतून ते एक संसार जोडू पाहतात. सांड्रा एकदा उसळून म्हणते, की तुम्हाला दिसतोय तो आमच्या आयुष्याचा एक बारीकसा तुकडा आहे. कधी आम्ही एकमेकांसाठी झगडलो, कधी एकमेकांशी. पण हे तिला नीट सांगताही येत नाही. कारण कोर्टाची भाषा फ्रेंच आणि तिची मातृभाषा जर्मन. घरात दोघं इंग्रजीत बोलत, दोघांनाही परकी अशा भाषेत. कोर्टात ती अडखळत फ्रेंच बोलते आणि शेवटी दमून इंग्रजीवर येते. लग्न होऊन परभाषेच्या घरात गेलेल्या मुलींना यातलं दुःख न सांगता कळेल. रागाच्या भरात आपली भाषा जिभेवर येते, आणि ती समजणारं तिथं कुणी नसतं.

हे सगळं दूरदेशीचं आहे, आपल्याला काय त्याचं, असंही म्हणता येणार नाही. १४ जुलै २०२५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की नवराबायकोपैकी एकानं दुसऱ्याच्या नकळत टिपलेलं बोलणं घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल. एकमेकांवर अशी पाळत ठेवायची वेळ येते तेव्हा ते नातं आधीच मोडलेलं असतं, असाही त्या निकालाचा आशय होता. ते योग्यच असेल. छळ सोसणाऱ्या बाईला असा पुरावा आधारही ठरेल. पण त्याचबरोबर, प्रत्येक घरात आता टिपणारं यंत्र खिशात असतं. भांडणातलं एक वाक्य मागचंपुढचं तोडून कुणापुढे वाजवलं, तर आपण कशा दिसू, हा विचार हा चित्रपट पाहून उठल्यावर मनातून जात नाही.

मुलाची परीक्षा

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चटका लावून गेला तो दानिएल. आईबापांची भांडणं मुलांच्या कानावर पडू नयेत म्हणून आपण दार लावून घेतो, आवाज खाली आणतो. या पोराला भर कोर्टात बसून ते सगळं ऐकावं लागतं. न्यायाधीश बाई त्याला सांगतात, उद्याचं ऐकणं तुला जड जाईल, तू येऊ नकोस. तो म्हणतो, मला ऐकायचंच आहे. एका दृश्यात तो मधोमध उभा राहून साक्ष देतो. एकीकडून सरकारी वकील, दुसरीकडून आईचा वकील बोलत राहतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याभोवती इकडून तिकडे फिरत राहतो. दोन्हीकडून ओढलं जाणारं मूल कसं दिसतं, ते एक शब्दही न बोलता कळतं.

मुलावर लक्ष ठेवायला कोर्टानं मार्ज नावाची एक तरुणी नेमलेली असते. आईबद्दल काय समजावं ते त्याला कळेनासं होतं, तेव्हा तो तिला विचारतो. ती त्याला सांगते ते असं, की खरं काय ते कळायला मार्गच नसेल आणि दोन्ही गोष्टी शक्य वाटत असतील, तर कशावर विश्वास ठेवायचा हे आपल्यालाच ठरवावं लागतं. अकरा वर्षांच्या मुलावर केवढं हे ओझं! तो काय ठरवतो, आणि ठरवण्याआधी आपल्या लाडक्या कुत्र्यावर कसला जीवघेणा प्रयोग करतो, ते प्रत्यक्षच पाहा. तो प्रसंग पाहताना पोटात गोळा येतो. कुत्र्याचं काम करणाऱ्या मेसी नावाच्या कुत्र्यानंही कमालच केली आहे. त्याला कानमध्ये कुत्र्यांसाठीचं वेगळं बक्षीस मिळालं, आणि ते फुकटचं नव्हतं!

मला वाटतं, चित्रपटाचं उत्तर, असलंच तर, या मुलाजवळ आहे. संसार बाहेरून कळत नाही. आतल्या माणसालाही तो पुरता कळत नाही. तरीही त्यात राहायचं तर कुणावर तरी विश्वास टाकावा लागतो.

मग कौतुक खरं की पोकळ?

सांड्राचं काम करणारी सांड्रा ह्यूलर ही जर्मन अभिनेत्री. ही भूमिका तिच्यासाठीच लिहिलेली होती. आपली नायिका दोषी की निर्दोष, असं तिनं दिग्दर्शिकेला विचारलं, तेव्हा त्रियेबाईंनी उत्तर दिलं नाही. निर्दोष असल्यासारखी वाग, एवढंच सांगितलं. त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. एका क्षणी वाटतं, छे, ही असं करणारच नाही. दुसऱ्या क्षणी तिच्या डोळ्यांत काहीतरी गार दिसतं आणि आपण दचकतो. तिच्या बरोबरीनं उभा राहतो तो दानिएलचं काम करणारा मिलो मशादो-ग्राने हा मुलगा. आणि नवऱ्याचं काम करणारा साम्युएल थेईस चित्रपटभर मोजकाच दिसतो, पण त्या एका भांडणात तो सगळा माणूस आपल्यापुढे उभा करून जातो.

ऑस्करच्या पाच विभागांत या चित्रपटाची नावं होती. त्या वर्षी दिग्दर्शनासाठी नाव आलेल्या पाच जणांत त्रिये ही एकटीच स्त्री होती. गंमत अशी, की परभाषी चित्रपटांच्या विभागासाठी फ्रान्सनं हा चित्रपट पाठवलाच नाही. पाठवला तो एका स्वैपाकाच्या कलेवरचा चित्रपट! तो बिचारा शेवटच्या पाचांत आला नाही. त्या विभागाचं पारितोषिक 'द झोन ऑफ इंटरेस्ट' या चित्रपटाला मिळालं, आणि त्यातही सांड्रा ह्यूलर होतीच.

तेव्हा निवडून झाल्यावर माझं मत असं. खून कुणी केला हे शोधणारा चित्रपट म्हणून याचं जे कौतुक होतं, ते जरा जास्तच आहे. त्याहून घट्ट विणीच्या रहस्यकथा पुष्कळ आहेत. पण लग्न म्हणजे काय, घरचं काम कुणाचं, वेळ कुणाचा, आणि बाहेरच्यानं आपला संसार तोलावा तो कशानं, हे प्रश्न इतक्या निर्भीडपणे मांडणारा चित्रपट म्हणून त्याला मिळालेली बक्षिसं सार्थ आहेत. पटकथेसाठी मिळालेलं ऑस्कर तर सर्वांत सार्थ. रहस्याच्या निमित्तानं बाईनं आपल्याला कोर्टात नेलं आणि तिथं आपल्याच स्वैपाकघराचं दार उघडून दाखवलं.

पाहणार असाल तर दोन गोष्टी सांगते. लहान मुलांना घेऊन बसू नका. हा त्यांच्यासाठी नाही. जेवणं आटोपून, उद्याची भाजी चिरून ठेवून, सलग अडीच तास मोकळे काढा. मध्ये उठलात तर धागा सुटेल. आणि जमलं तर यजमानांनाही शेजारी बसवा. ते भांडणाचं दृश्य झालं की एकमेकांना विचारू नका, की 'तुझ्या मते चूक कुणाची?' त्यापेक्षा असं विचारा, 'आपल्या दोघांत कुणाचं काय करायचं राहून गेलं?'

उत्तर ऐकायला थोडा धीर लागेल. पण हे बोलणं चार भिंतींत, दोघांत, वेळेवर झालेलं बरं.